ट्रॅक डेला भरून निघालेली छोटी गाडी मागून बसते, डोलते, खडखडते? आधी हे तपासा

ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसट्रॅकवर नेऊन पळवायचा दिवस. त्याला जाताना-येताना दिसणारी लक्षणं आधी लिहितो. यातली दोन-तीन जरी तुमच्या गाडीत दिसत असतील, तरी पुढचं वाचा.

- गाडी मागून बसलेली दिसते. गतिरोधकावर मागून 'धप्' असा आवाज येतो, कधी टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला 'खर्रर्र' करून घासतो.
- स्टिअरिंग नेहमीपेक्षा हलकं लागतं. हायवेवर लेन बदलली की गाडीचा मागचा भाग क्षणभर उशिरा येतो आणि मग एकदा डोलतो.
- रात्री समोरून येणारा जो तो डिपर मारतो, तुमचे दिवे लो बीमवर असूनही.
- ब्रेक दाबला की मागचं काहीतरी सरकून सीटच्या पाठीला थडकतं.
- सतत खडखड, आणि गाडी थांबवून शोधायला गेलं की काहीच सापडत नाही.
- बाजूच्या सीटवर बॅग ठेवली की सीटबेल्टची टुणटुण थांबत नाही.
- आत पेट्रोलचा वास.
- ट्रॅकवर पोचल्यावर जे पहिल्यांदा हवं ते नेमकं सगळ्यात तळाशी.

मी पाच दारांची छोटी हॅचबॅक घेऊन ट्रॅकवर जातो. ट्रॅकवर चढवायची जास्तीची चार चाकं, जॅक, हत्यारपेटी, पाणी, सावलीचा तंबू आणि एक मित्र, एवढं तिच्यात कोंबून. वरची सगळी लक्षणं माझ्या गाडीत एकेक करून येऊन गेली आहेत, आणि त्यानंतर बरीच वर्षं इतरांच्या गाड्यांत तीच निस्तरतो आहे. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, कुणी म्हणालं, "जरा बघ ना, मागचे शॉकअप गेलेत बहुतेक," की मी आधी खिशातून हवेचं गेज काढतो. शॉकअप खरोखरच गेलेले निघतात ते क्वचित.

गेज लावण्याआधी एक प्रश्न मात्र विचारतो: हे जाताना झालं की येताना? जातानाचा त्रास बहुधा वजनाचा आणि मांडणीचा असतो. येतानाचा असेल तर हवा, चाकांचे नट आणि दमलेल्या माणसाने कसंतरी कोंबलेलं सामान. जाताना आपण आदल्या रात्री शांतपणे भरतो, येताना अंधार पडायच्या आत ढकलतो. सामान तेच, गाडी तीच, पण दोन्ही वेळचे दोष वेगळे.

हवा: पाच मिनिटं, फुकट

चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात बऱ्याचदा दोन रकाने असतात, एक दोन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या रकान्यात मागच्या टायरचा आकडा चांगलाच वर गेलेला दिसेल. चार चाकं आणि जॅक भरून निघालात तर तुमचा रकाना दुसरा. वर्षभर पहिल्या रकान्याची हवा ठेवून फिरणारा माणूस ट्रॅक डेच्या सकाळीही तीच ठेवून निघतो, आणि मग गाडी डोलते.

वजन पेलते ती टायरमधली हवा, रबर नव्हे. टायरच्या बाजूवर '१९५/५० आर१५ ८२व्ही' असं काहीतरी कोरलेलं असतं. त्यातला ८२ हा भारांक, म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ४७५ किलो. हा आकडा टायरमध्ये पुरेशी हवा असतानाचा आहे. हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त वाकते, तापते, आणि तुम्हाला ते डोलण्याच्या रूपात जाणवतं.

आता येतानाची गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त असते, म्हणून जरा सविस्तर.

समजा सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय होते. ट्रॅकवर चार-पाच लॅप, म्हणजे फेऱ्या, मारल्यावर टायरमधली हवा २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापली, तर तेच ३२ चाळीसच्या घरात जातात. गाडी घसरायला लागते, म्हणून तुम्ही पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊन गरम टायरमधून हवा सोडता आणि ३३ वर आणता. हे बरोबरच आहे, सगळे तसंच करतात. संध्याकाळी टायर पुन्हा २० अंशांवर येतात आणि त्या ३३ चे उरतात सुमारे २६. भरलेल्या गाडीला तक्ता मागच्या टायरसाठी ३६ मागत असेल, तर तुम्ही दहा पीएसआय कमी हवेवर, पूर्ण भरलेली गाडी घेऊन, दमलेल्या अवस्थेत हायवेवर जाता आहात. शॉकअप बिचारे ठणठणीत असतात.

उपाय साधा. हवा भरायचा छोटा पंप घरी विसरू नका, आणि तो सामानाच्या अगदी वर ठेवा. गाडी भरायला घेण्याआधी, टायर हाताला थंड लागायला लागले की तक्त्याप्रमाणे हवा भरा. टायर अजून कोमट असतील तर दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना नीट करा. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, एवढं लक्षात ठेवलं की अंदाज चुकत नाही.

दिव्यांची चकती

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीम समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चकती २ किंवा ३ वर करा. दहा सेकंदांचं काम. ३ वर करूनही लोक डिपर मारत असतील, तर तोच पुरावा समजा की मागे वजन फार झालंय.

नट आणि लॉक नटची चावी

ट्रॅकवर चाकं बदलणाऱ्यांसाठी. परत येताना थरथर जाणवली तर सामानाला दोष देण्याआधी थांबा आणि नट बघा. नुकतंच बसवलेलं चाक थोडं अंतर धावल्यावर नीट जागेवर बसतं आणि तेव्हा नट किंचित सैल होऊ शकतात. छोट्या गाड्यांत टॉर्क, म्हणजे नट आवळायचा पीळ, साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चाकं चढवल्यावर एकदा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या टॉर्कवर आवळणारा पाना, लावायचा. म्हणजे टॉर्क पाना सामानाच्या तळाशी जाऊन चालणार नाही. माझा आता दाराच्या कप्प्यातच प्रवास करतो, कापडात गुंडाळून. लॉक नट म्हणजे चोरी टाळायला लावलेला, खास चावीनेच निघणारा नट. त्याची चावी मी एका लाल रिबिनीला बांधून गिअरच्या दांड्याला अडकवतो, कारण एकदा ती घरी राहिली होती आणि चारही चाकं सोबत असून मी दिवसभर जुन्या टायरवर फिरलो.

गाडीत टायरची हवा सांगणारा दिवा असेल, तर चाकं बदलल्यावर तो रीसेट करायचा असतो का तेही मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. नाहीतर तो उगाच पेटतो, आणि खरोखर पेटायची वेळ येते तेव्हा तुम्ही दुर्लक्ष करता.

वजन करा, अंदाज नको

बाथरूममधला वजनकाटा पुरतो. एकेक वस्तू हातात घेऊन त्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. माझी यादी अशी निघाली: चार चाकं ६४ किलो, जॅक १७, हत्यारपेटी १९, गाडी टेकवायचे दोन स्टँड ५, भरलेला पेट्रोलचा डबा १९, तंबू १६, पाणी १०, खुर्च्या ५, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल ४, अग्निशामक साडेतीन, पंप ३, दोन हेल्मेट मिळून ३. एकूण १६८ किलोच्या वर. त्यात आम्ही दोघं १६० किलो. म्हणजे ३२८.

गाडीचं कमाल भारित वजन आणि रिकामं वजन यांतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. माझ्या गाडीत ती ४०५ किलो निघते. म्हणजे मी मर्यादेच्या आत होतो आणि गाडी तरीही मागून बसत होती! इथेच बहुतेकांची फसगत होते. दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर एकूण वजनाखेरीज पुढच्या आणि मागच्या अॅक्सलची, म्हणजे चाकांच्या त्या त्या जोडीची, मर्यादाही वेगवेगळी दिलेली असते. एकूण वजन आत बसतं, पण सगळं डिकीत गेल्यामुळे मागचा अॅक्सल ओलांडून जातो.

नक्की करायचं असेल तर भरलेली गाडी माणसांसकट वजनकाट्यावर न्या, जिथे ट्रक मोजतात तिथे. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर. पाच मिनिटांचं काम आहे, आणि एकदा केलं की त्या गाडीसाठी कायमचं कळतं. एक छोटी खाच: काही मॅन्युअलमध्ये रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, काहींत नसतो. तळटीप वाचा.

जास्त झालं तर काय काढायचं? लोक आधी हत्यारं काढतात, ते चूक. आधी तंबू आणि खुर्च्या दुसऱ्याच्या गाडीत टाका. मग पाणी तिथेच मिळतंय का बघा. मग मित्राला सांगा, तू दुसऱ्या गाडीतून ये. ८२ किलो एका झटक्यात कमी होतात आणि वर त्याची सीटही मिळते. मित्र रुसला तर त्याला टॉर्क पाना धरायचा मान द्या.

कुठे काय: खरा गुंता इथे आहे

१९५/५० आर१५ टायरचा व्यास सुमारे ५७६ मिलिमीटर, रुंदी २०० च्या आसपास. छोट्या हॅचबॅकच्या डिकीत दोन्ही मडगार्डच्या फुगीर भागांमधली जागा मीटरभर असते. म्हणजे आडव्या चाकांचे दोन ढीग शेजारी शेजारी बसत नाहीत, त्यांना ११५ सेंटिमीटर लागतात. मग माणूस काय करतो? मागची सीट पाडतो आणि चारही चाकं एकावर एक रचतो. ८० सेंटिमीटरचा मनोरा होतो. मागचं दिसेनासं होतं, वजन उंच जातं, आणि सीटची पाठ पाडल्यामुळे तो मनोरा आणि तुमचं डोकं यांच्यात काहीच उरत नाही.

माझी मांडणी वेगळी. दोन चाकं पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत, उभी. पुढची सीट मागे सरकवून त्यांना घट्ट दाबायची. चालकाच्या बाजूला मात्र सीट आधी तुमच्या नेहमीच्या जागेवर लावून घ्या आणि चाक तिच्यामागे बसतंय का ते बघा. चाकासाठी सीट पुढे ओढून, गुडघे डॅशबोर्डला टेकवून गाडी चालवू नका. उरलेली दोन चाकं डिकीत आडवी, एकावर एक, सीटच्या पाठीला चिकटून. मागची सीट उभीच राहते. चाकांमध्ये जुनी चादर किंवा पुठ्ठा घाला, रिमवर ओरखडे येत नाहीत आणि कुरकुरही होत नाही.

याने फरक किती पडतो ते हिशेबाने दाखवतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.४५ मीटर धरा. ६० किलो सामान मागच्या अॅक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे ठेवलं, तर मागच्या अॅक्सलवर ६७ किलो येतात आणि पुढची चाकं ७ किलोनी हलकी होतात. तराजूसारखंच आहे हे. तेच ६० किलो अॅक्सलच्या ९० सेंटिमीटर पुढे, पाय ठेवायच्या जागेत ठेवले, तर मागे ३८ आणि पुढे २२. एक किलोही कमी न करता मागच्या अॅक्सलवरचे २९ किलो गेले. स्टिअरिंग हलकं लागण्याचं कारण हे, आणि उपायही हाच.

बाकीचं याच न्यायाने. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर आणि मागे. हत्यारपेटी डिकीच्या तळाशी, सीटला टेकून. तंबू आडवा, चाकांच्या मागे. हायड्रॉलिक जॅक आडवा पाडून नेऊ नका, कुशीवर पडला की बऱ्याच जॅकमधून तेल झिरपतं. तो त्याच्या स्वतःच्या छोट्या चाकांवर सपाट उभा ठेवा आणि दांडा वेगळा काढा. हेल्मेटवर काहीही ठेवायचं नाही आणि पेट्रोलच्या डब्याजवळ तर मुळीच नाही, कारण पेट्रोल आतल्या फोमला खाऊन टाकतं. माझी हेल्मेटं बाजूच्या माणसाच्या पायांपाशी पिशवीत असतात.

टपावर चाकं टाकायची कल्पना प्रत्येकाला एकदा तरी सुचते. टपाची मर्यादा रॅकच्या वजनासकट असते, छोट्या गाड्यांत साधारण ५० ते ७५ किलो. चार चाकं आणि रॅक मिळून ती संपली. आणि वजन सगळ्यात वाईट ठिकाणी, म्हणजे डोक्यावर. तंबू टाका हवा तर, चाकं नकोत.

सीटबेल्टची टुणटुण: बाजूच्या सीटवर बॅग ठेवली की सेन्सरला माणूस बसल्यासारखं वाटतं. बकलमध्ये खोटी चिप अडकवून आवाज बंद करायची युक्ती खूप जण सांगतात. करू नका. नंतर त्या सीटवर बसणाऱ्यालाही ती तशीच सापडते. बॅग खाली ठेवा, नाहीतर तिला खराच बेल्ट लावा.

बांधणं

ब्रेक मारल्यावर सामान सरकत असेल तर त्याला 'थोडंसं हललं' म्हणून सोडू नका. चांगल्या टायरवर जोरात ब्रेक मारला की सामानाला जवळजवळ त्याच्या वजनाएवढाच धक्का पुढे बसतो. ते ठीक, सीटची पाठ सहन करते. टक्कर वेगळी. ताशी ५० किलोमीटरवरची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर सरासरी धक्का वजनाच्या सुमारे २० पट होतो. १६ किलोचं एक चाक ३२० किलोचं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम १७ नुसार मागच्या सीटच्या पाठीची चाचणी होते ती प्रत्येकी १८ किलोच्या दोन ठोकळ्यांनी. तुमच्या डिकीतली दोन चाकं आणि हत्यारपेटी मिळून ५१ किलो. सीटची पाठ ढाल आहे, भिंत नाही.

म्हणून: मागे कुणी बसत नसलं तरी मागचे सीटबेल्ट लावा, तेही एकमेकांना छेदून, उजव्याचं टोक डाव्या बकलमध्ये. पाठीला तेवढाच आधार मिळतो. डिकीच्या तळाशी धातूच्या कड्या असतात, बऱ्याच जणांना त्या गालिच्याखाली आहेत हेच माहीत नसतं. त्यांतून रॅचेट पट्टा, म्हणजे खटक्याने ताणून घट्ट होणारा पट्टा, घाला, चाकांच्या मधल्या भोकातून ओवून ताणा. रबरी हुकांच्या दोऱ्या पांघरूण धरून ठेवायला ठीक, चाक धरायला नाहीत. रबर ताणतं, आणि चाक निघाल्यावर हूक डोळ्यांच्या दिशेने येतो. पट्टा ताणल्यावर सामान हाताने ढकलून बघा. ते हललं की गाडीही हलली पाहिजे.

अग्निशामक सुटा ठेवायचा नसतो. ब्रॅकेट नसेल तर हत्यारपेटीच्या शेजारी पट्ट्याखाली घ्या.

खडखड

दोन ठिकाणी बघा, बाकी नंतर. पहिलं, जॅकचा दांडा. दुसरं, डिकीच्या तळाखालची स्टेपनीची जागा, जिथे तुम्ही गेल्या वेळी 'आत्तापुरते' चार सॉकेट टाकले होते. दोन्ही नसतील तर मित्राला मागे बसवून एकेका वस्तूवर हात ठेवायला लावा. हात ठेवल्यावर ज्याचा आवाज थांबला तो चोर. जुने टॉवेल कोंबा. सगळं दाबूनही लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज खालून येत राहिला, तर तो सामानाचा नाही. तो शेवटच्या भागात.

पेट्रोलचा वास

इथे शोधाशोध करत गाडी चालवत राहायचं नाही. थांबा, काचा उघडा, डबा बाहेर काढा. बहुतेकदा झाकणाचं रबरी वायसर कडक झालेलं असतं किंवा डबा गळ्यापर्यंत भरलेला असतो. पेट्रोल उन्हात फुगतं, त्याला वर जागा लागते. डबा भरताना जमिनीवर ठेवूनच भरा. डिकीत ठेवून भरलं तर गालिच्यावर साठलेली स्थिर वीज ठिणगी टाकू शकते. आणि रिकामा झालेला डबा निर्धास्तपणे मागे फेकू नका. त्यात उरलेली वाफ भरलेल्या डब्यापेक्षा लवकर पेटते.

माझं मत विचाराल तर डबा नेऊच नका. ट्रॅकच्या आधीच्या शेवटच्या पंपावर टाकी भरा. टाकी बंदिस्त आहे, खाली आहे, आणि छोट्या गाड्यांत बहुधा मागच्या अॅक्सलच्या पुढे आहे. पेट्रोल ठेवायला गाडीत याहून चांगली जागा नाही. मी दोन वर्षांपासून डबा बंद केला, यादीतून १९ किलो कमी झाले.

डबा बाहेर काढून, गाडी तासभर उघडी ठेवूनही वास येत असेल तर तो गाडीचा आहे. पुढे जाऊ नका.

भरायचा क्रम, आणि पूर्ण रिकामं करणं

तळाशी काय जावं हे वजन ठरवतं, वर काय राहावं हे पोचल्यावरचा पहिला अर्धा तास ठरवतो. त्या अर्ध्या तासात लागतात: कागदपत्रं, हेल्मेट, गेज, टॉर्क पाना, नंबर चिकटवायची टेप, आणि सामान खाली ठेवायला एक ताडपत्री. एवढ्याच वस्तू एका पिशवीत, पिशवी सगळ्यात वर.

ट्रॅकवर जायच्या आधी गाडी पूर्ण रिकामी करायची. पूर्ण म्हणजे पायपुसणीसुद्धा, फोनचं स्टँड, दारातली नाणी, स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक, सीटखालची बाटली. बाटली मुद्दाम लिहिली. पहिल्या वर्षी मी सगळं काढलं होतं, फक्त एक अर्धा लिटरची पाण्याची बाटली सीटखाली राहिली. तिसऱ्या लॅपला सरळ पट्टा संपताना ब्रेककडे पाय नेला आणि पायाला गोल काहीतरी लागलं. ती ब्रेक पेडलच्या अलीकडे होती. दोन बोटं पलीकडे असती तर पेडल दाबलंच गेलं नसतं. आता मी दोन्ही पुढच्या सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून, टॉर्च घेऊन बघतो. तपासनीस बघतातच, पण सीटखाली वाकून बघायला त्यांना वेळ असेलच असं नाही.

शेवटच्या फेरीनंतर चाकं लगेच गाडीत टाकू नका. गाडीवरून काढलेलं चाक रिमपाशी चांगलंच तापलेलं असतं, त्याखाली चादर किंवा प्लास्टिक नको. आधी तंबू मोडा, खुर्च्या आवरा, चाकं शेवटी. ब्रेक ऑइलची उघडलेली बाटली परत न्यायचीच नाही. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलला नवं असताना किमान २३० अंश लागतात, ओलावा शोषल्यावर मानकानुसार किमान १५५ उरले तरी चालतात. शिवाय डिकीत सांडलं तर रंग उडतो.

एवढं करूनही गाडी बसतेच

मग टेप घ्या. सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. चारही चाकांवर, आधी रिकामी गाडी, मग भरलेली. माझ्या गाडीत मागे रिकामी असताना ३६ सेंटिमीटर, नीट भरल्यावर ३२. हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा, बघायचा तो फरक. सामान डावी-उजवीकडे सारखं असून एक बाजू दोन सेंटिमीटर जास्त खाली असेल, तर स्प्रिंगची शंका घ्या. रिकामी असतानाच तिरकी असेल तर शंका कशाला, स्प्रिंग तुटलेली किंवा थकलेली असण्याची शक्यता बरीच आहे. तुटते ती बहुधा अगदी खालच्या वेढ्यात, आणि वरून दिसत नाही.

शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर आहे का ते वाकून बघा. हलका ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही.

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी ठोकळे घालून गाडी उचलायचा सल्ला मिळेल. मागचा भाग वर दिसतो खरा, पण अॅक्सलची, टायरची आणि ब्रेकची मर्यादा तिथेच राहते. वर ते ठोकळे काढायला विसरून ट्रॅकवर गेलात, तर गाडी वळणात भलतंच वागते.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

टायर मडगार्डला घासतोय आणि सामान कमी केल्यावरही थांबत नाही. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा घासून दोरे दिसतायत. ब्रेक पेडल स्पंजासारखं मऊ झालंय किंवा हळूहळू खाली जातंय: ट्रॅकवर ऑइल उकळलं असू शकतं, आणि थंड झाल्यावर पेडल परत कडक लागलं तरी भरलेली गाडी घेऊन घरी निघू नका, ऑइल बदलून घ्या. काही जुन्या गाड्यांत मागच्या अॅक्सलला जोडलेला एक दांडा वजनानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करतो. तो गंजलेला, वाकलेला वाटला तर स्वतः पिळू नका. नट टॉर्कवर घट्ट करूनही चाक हाताने हलतंय, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, दोन्ही रस्त्यावर दुरुस्त करायच्या गोष्टी नाहीत. डिकीतली कडी उपटून आली किंवा तिच्याभोवती गंज आहे, तर तिथे पुन्हा पट्टा बांधण्याआधी पत्र्याचं काम करणाऱ्याला दाखवा. पेट्रोलच्या वासाचं वर लिहिलंच.

यातलं काहीही असेल तर गाडी टोइंगवर, सामान मित्राच्या गाडीत.

आणि मेकॅनिककडे "मागून बसते" एवढंच सांगून जाऊ नका. गाडी त्याच्याकडे रिकामी पोचते, रिकामी गाडी बसत नाही, तो एक चक्कर मारून परत देतो. चारही चाकांचे रिकामे आणि भरलेले आकडे, मागच्या अॅक्सलचं वजन, आणि भरलेल्या गाडीचा बाजूने काढलेला एक फोटो सोबत न्या.